वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचा खर्च आटोक्यात ठेवताना: डोस, दुकान आणि वर्षाचा हिशेब

मार्च २०२५ मध्ये एली लिली कंपनीचे मौंजारो हे टिर्झेपाटाइड या औषधाचे इंजेक्शन भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीची ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी लागत असल्यामुळे महिन्याचा खर्च चौदा ते साडेसतरा हजारांच्या घरात जात होता. जूनमध्ये नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने सेमाग्लुटाइड या दुसऱ्या औषधाचे वेगोवी हे इंजेक्शन आणले. त्याच्या सुरुवातीच्या डोसचा चार आठवड्यांचा पेन (आत औषध भरलेले, पेनच्या आकाराचे इंजेक्शन) १७,३४५ रुपयांना आणि सर्वांत मोठ्या, म्हणजे २.४ मिलिग्रॅम डोसचा पेन २६,०१५ रुपयांना मिळत होता. त्यानंतर किमती उतरू लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, नोव्हेंबरमध्ये वेगोवीचा सुरुवातीचा पेन १०,८५० रुपयांवर आणि मोठ्या डोसचा १६,४०० रुपयांवर आणला गेला, आणि २० मार्च २०२६ रोजी सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत संपल्यावर भारतीय कंपन्यांची सेमाग्लुटाइड इंजेक्शने बरीच कमी किमतीत बाजारात आली.

इतक्या थोड्या काळात किमती इतक्या वेळा बदलल्या की ओळखीच्या कोणी सांगितलेला आकडा आज खरा असेल याची खात्री देता येत नाही. या लेखातील किमतीही त्या त्या वेळच्या आहेत आणि हिशेब कसा मांडावा हे दाखवण्यापुरत्याच घ्याव्यात. खरेदीच्या दिवशी खोक्यावर छापलेली एमआरपी आणि दुकानदाराने दिलेली सूट हेच अंतिम आकडे होत. मात्र किमती कितीही बदलल्या तरी हिशेबाची पद्धत बदलत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच चुकतात. ते पहिल्या पेनची किंमत विचारून उपचार सुरू करतात, पण डोस लहानापासून हळूहळू वाढवत नेला जातो आणि खरा खर्च चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर ज्या डोसवर शरीर स्थिरावते त्या डोसचा असतो.

सुरू करण्यापूर्वी

सर्वांत मोठी बचत औषध सुरू करण्याआधीच होते किंवा हातची जाते. ही औषधे थांबवल्यावर वजन परत वाढते. सेमाग्लुटाइडच्या 'स्टेप १' चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी काहींचा औषध बंद केल्यानंतरही पाठपुरावा केला गेला, तेव्हा वर्षभरात त्यांनी कमी केलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलेले दिसले. म्हणून तीन महिने घेऊन लग्नापूर्वी बारीक होण्याचा बेत हा पैशाच्या दृष्टीने सर्वांत वाईट बेत आहे, कारण त्यात सुरुवातीच्या लहान डोसांचा खर्च पूर्ण पडतो आणि औषधाचा खरा परिणाम सुरू होण्याच्या सुमारास उपचारच थांबतो. किमान दोन वर्षे हा खर्च घराला झेपेल का, हा प्रश्न पती-पत्नीने किंवा कुटुंबाने एकत्र बसून आधीच विचारावा. उत्तर नाही असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगून स्वस्त पर्यायांपासून सुरुवात करावी.

औषध आपल्यासाठी आहे का, हाही पैशाचाच प्रश्न आहे. या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात साधारणपणे बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ किंवा त्याहून अधिक आणि सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा झोपेत श्वास अडकण्यासारखी तक्रार, अशी अट दिलेली असते. बीएमआय काढण्यासाठी किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १६० सेंटिमीटर उंची आणि ७६.८ किलो वजन असेल तर बीएमआय बरोबर ३० येतो. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेहाचा धोका दिसतो, त्यामुळे कंबरेचा घेर डॉक्टरांना अवश्य मोजू द्यावा. मात्र पाच-सहा किलो कमी करायचे असलेल्या निरोगी माणसाने या औषधावर एक रुपयाही घालवू नये. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला आहे, ज्यांना स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे, किंवा ज्या स्त्रिया गर्भवती आहेत अथवा लवकरच गर्भधारणेचा विचार करत आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना

ही औषधे मधुमेह व अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडून किंवा एमडी मेडिसिन डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. अशा डॉक्टरांची फी काहीशे रुपयांनी जास्त असते, पण चुकीचा डोस किंवा अनावश्यक ब्रँड यांमुळे एका पेनमध्येच त्याच्या कितीतरी पट पैसे जातात. 'वजन कमी करण्याचे पॅकेज' विकणारी केंद्रे इंजेक्शन, आहारतज्ज्ञ, शेक पावडर आणि मशीनचे उपचार एकत्र बांधून तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात. तिथे औषधाचे स्वतंत्र बिल मिळत नसेल, तर आपण औषधाला किती आणि पावडरला किती पैसे दिले हे कधीच कळत नाही. अशा ठिकाणी आगाऊ पैसे भरू नयेत.

सल्ल्याच्या खोलीत पैशाचा विषय काढायला आपल्याकडे लोक संकोचतात. डॉक्टरांना वाईट वाटेल किंवा ते कमी दर्जाचे औषध देतील अशी भीती असते. ती सोडून सरळ विचारावे: "डॉक्टर, मला महिन्याला साधारण सहा हजारांपर्यंत झेपेल. त्यात कोणते औषध आणि कोणत्या डोसपर्यंत जाता येईल?" हा आकडा कळला की बहुतेक डॉक्टर औषधाची निवड वेगळ्या पद्धतीने करतात. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नाव, म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे, आणि इतर कंपनीचे तेच औषध, त्याच डोसमध्ये चालेल का हे तिथेच विचारून घ्यावे. चिठ्ठीवर फक्त एका कंपनीचे नाव असेल तर मेडिकल दुकानदार स्वतःहून दुसरे देऊ शकत नाही, आणि पुढे दुसऱ्या कंपनीचे स्वस्त इंजेक्शन मिळाले तरी पुन्हा फी भरून चिठ्ठी बदलून आणावी लागते.

औषध निवडताना पैशाची बाजू

सध्या बहुतेकांपुढे खरा प्रश्न सेमाग्लुटाइड की टिर्झेपाटाइड हा असतो. दोन्ही इंजेक्शने आठवड्यातून एकदा घ्यायची आहेत. 'स्टेप १' चाचणीत सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झाले. टिर्झेपाटाइडच्या 'सरमाउंट १' चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमवर १५ टक्के, १० मिलिग्रॅमवर १९.५ टक्के आणि १५ मिलिग्रॅमवर २०.९ टक्के वजन कमी झाले. दोन औषधे समोरासमोर ठेवून झालेल्या 'सरमाउंट ५' चाचणीतही टिर्झेपाटाइड पुढे राहिले: २०.२ टक्के विरुद्ध १३.७ टक्के. म्हणजे टिर्झेपाटाइड अधिक परिणामकारक आहे यात शंका नाही. पण टिर्झेपाटाइडचे पेटंट अजून चालू आहे आणि सेमाग्लुटाइडचे संपले आहे, त्यामुळे दोहोंच्या किमतींतील दरी वाढत गेली आहे. सिप्लाने टिर्झेपाटाइड युरपीक या नावाने विकायला घेतले आहे, पण ते लिलीच्याच औषधाचे दुसरे नाव असल्याने त्यात किमतीची खरी स्पर्धा नाही.

माझे मत असे की मधुमेह असो वा नसो, ज्याला खर्चाची चिंता आहे त्याने पेटंट संपलेल्या सेमाग्लुटाइडपासून सुरुवात करावी, आणि पूर्ण डोसवर चार-पाच महिने घेऊनही वजन पुरेसे हलले नाही तरच टिर्झेपाटाइडचा विचार करावा. याला अपवाद आहेत, आणि ते डॉक्टर ठरवतील.

भारतीय कंपन्यांचे सेमाग्लुटाइड घेताना खोक्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ते लठ्ठपणासाठी मान्य आहे की फक्त टाइप २ मधुमेहासाठी, कारण मधुमेहासाठीच्या पेनमध्ये सर्वांत मोठा डोस बहुधा १ मिलिग्रॅम असतो आणि वजनासाठी त्याहून मोठा डोस लागू शकतो. नोव्होचेच ओझेम्पिक हे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन डिसेंबर २०२५ मध्ये आले तेव्हा ०.२५ मिलिग्रॅमचा महिन्याचा पेन ८,८०० रुपयांना आणि १ मिलिग्रॅमचा ११,१७५ रुपयांना होता, आणि ते मधुमेहासाठी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे औषध पेनमध्ये आहे की कुपीत. कुपी स्वस्त पडते, पण तिला सिरिंज लागते आणि मात्रा हाताने मोजावी लागते.

सिरिंजबद्दल इथेच सविस्तर सांगितले पाहिजे. भारतात इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज सर्रास मिळतात: लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० या खुणेला अर्धा मिलिलिटर औषध येते, तर नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर त्याच २० या खुणेला ०.२ मिलिलिटरच येते. एकीच्या जागी दुसरी वापरली गेली तर डोस अडीच पटीने चुकतो. एक तर औषध वाया जाते, नाहीतर उलट्यांनी माणूस आजारी पडतो. त्यामुळे कुपीतील औषध घेणाऱ्याने डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मिलिलिटर आणि सिरिंजचे टोपण या दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात आणि पहिले इंजेक्शन दवाखान्यात त्यांच्यासमोर घ्यावे.

जुन्या औषधांमध्ये लिराग्लुटाइड रोज टोचावे लागते. ग्लेनमार्कने २०२४ च्या सुरुवातीला त्याचे भारतीय रूप आणले, पण वजनासाठी लागणाऱ्या पूर्ण डोसचा रोजचा खर्च मोजला तर आता ते स्वस्त सेमाग्लुटाइडपुढे टिकत नाही. जेवणातली चरबी शोषली जाऊ न देणाऱ्या ऑर्लिस्टॅटच्या गोळ्याही मिळतात. त्यांचा परिणाम माफक आणि तेलकट जेवणानंतरचा त्रास लाजिरवाणा असतो. रायबेल्सस ही सेमाग्लुटाइडची गोळी २०२२ पासून इथे मधुमेहासाठी मिळते, आणि ती घेणाऱ्या अनेकांचे पैसे केवळ घेण्याच्या पद्धतीमुळे वाया जातात. ती सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी न पिता घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा, नाश्ता किंवा दुसरी गोळी काहीही घेता येत नाही. थायरॉइडची गोळी आणि चहा यांच्यामध्ये ती कशीबशी कोंबणाऱ्याच्या पोटात तिचा फारसा भाग शोषलाच जात नाही. ज्याला हा अर्धा तास पाळता येत नाही त्याने डॉक्टरांना सांगून आठवड्याचे इंजेक्शन घ्यावे. ते शेवटी स्वस्त पडेल.

वर्षाचा हिशेब

पेनच्या खोक्यावर 'महिना' म्हटले जाते ते चार आठवड्यांना. वर्षात बावन्न आठवडे असतात, म्हणजे बारा नव्हे तर तेरा पेन लागतात. मौंजारोच्या पेनची जीएसटी कमी झाल्यानंतरची २०२५ मधील किंमत घेऊन पाहू. २.५ मिलिग्रॅमचा पेन १३,१२५ रुपये, ५ मिलिग्रॅमचा १६,४०६, १० मिलिग्रॅमचा २०,६२५ आणि १५ मिलिग्रॅमचा २५,७८१ रुपये. वर्षभर ५ मिलिग्रॅमवर राहिल्यास तेरा पेनचे २,१३,२७८ रुपये होतात आणि १५ मिलिग्रॅमवर ३,३५,१५३ रुपये. फरक १,२१,८७५ रुपयांचा आहे. त्या फरकात काय मिळते? ९० किलो वजनाच्या माणसाचे वरील चाचणीच्या सरासरीप्रमाणे लहान डोसवर साडेतेरा किलो आणि मोठ्या डोसवर साधारण पावणेएकोणीस किलो वजन कमी झाले असते. शेवटच्या पाच किलोंसाठी दर वर्षी सव्वा लाख मोजायचे का, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे, पण तो निर्णय आहे हे तरी माहीत असावे. डोस दर महिन्याला वाढवलाच पाहिजे असा नियम नाही. वाढवण्यासाठी किमान चार आठवडे थांबावे लागते, त्याहून जास्त थांबता येते. ५ मिलिग्रॅमवर दर आठवड्याला वजन उतरत असेल आणि भूक आवरलेली असेल, तर डॉक्टरांना तिथेच थांबण्याविषयी विचारावे.

याच हिशेबात २०२५ च्या अखेरीस एक मजेशीर गोष्ट दिसत होती. वेगोवीच्या २.४ मिलिग्रॅमच्या तेरा पेनचे २,१३,२०० रुपये होत होते, म्हणजे ५ मिलिग्रॅम मौंजारोइतकेच, आणि चाचण्या वेगळ्या असल्या तरी वजनातील घटही जवळपास तेवढीच. तेव्हा पैशाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच होती. सेमाग्लुटाइडची भारतीय इंजेक्शने आल्यावर हे पारडे झुकले.

कागदावर तीन ओळी लिहाव्यात: पहिल्या चार-पाच महिन्यांत वाढत जाणाऱ्या डोसांची बेरीज, त्यानंतर स्थिर डोसचे वर्षाचे तेरा पेन, आणि तपासण्या, सुया व डॉक्टरांच्या फेऱ्या. तिसरी ओळ लोक विसरतात. चार डोसांच्या पेनला दर वेळी नवी सुई लागते आणि काही पेनसोबत सुया येतात, काहींसोबत येत नाहीत, हे विकत घेतानाच विचारावे.

खरेदी आणि साठवण

एमआरपीवर सूट मिळते, पण ती मागावी लागते. महागड्या इंजेक्शनांवर शहरातील मोठी मेडिकल दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते बऱ्याचदा सूट देतात. घराजवळच्या तीन दुकानांत एकाच दिवशी फोन करून औषधाचे मूळ नाव, डोस आणि कंपनी सांगून बिलावरची किंमत विचारावी. आपण दर महिन्याला येणार आहोत हे सांगितल्यास छोटा दुकानदारही दर कमी करतो, कारण त्याला फ्रीजमध्ये पडून राहिलेल्या महागड्या पेनची भीती असते. औषध बनवणाऱ्या कंपन्यांचे रुग्णसाहाय्य कार्यक्रम असतात. त्यांत कधी सवलत, कधी इंजेक्शन शिकवणारी परिचारिका मिळते. डॉक्टरांच्या स्वागतकक्षात त्याची चौकशी करावी. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या ॲपवर किमती पाहता येतात. छापील एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्याची तक्रार करता येते.

स्वस्त पडते म्हणून एकदम सहा पेन घेऊन ठेवणे हा मोह टाळावा. सुरुवातीच्या महिन्यांत डोस बदलतो, काहींना मळमळ असह्य होऊन औषध बदलावे लागते, आणि फ्रीजमधून बाहेर पडलेले औषध दुकानदार परत घेत नाही. डोस स्थिर होईपर्यंत एका वेळी एकच पेन घ्यावा. शिवाय बाजारातील किमती उतरत असताना साठा करणे म्हणजे जुना भाव बांधून घेणे होय.

न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असतात आणि एकदा गोठलेले औषध पुन्हा वापरता येत नाही. बर्फाच्या कप्प्याजवळ किंवा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला पेन गोठू शकतो. भाजीच्या कप्प्यावरचा मधला कप्पा सुरक्षित. उघडल्यानंतर किती दिवस आणि किती तापमानापर्यंत बाहेर ठेवता येईल हे प्रत्येक पेनच्या पत्रकात वेगळे दिलेले असते, तेवढे तरी वाचावे. नागपूर, अकोला, चंद्रपूर भागात एप्रिल-मे महिन्यांत कुरिअरच्या गाडीत औषध दिवसभर राहिले तर त्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. उन्हाळ्यात ऑनलाइन मिळणारी सूट सोडून, ज्याच्या फ्रीजला इन्व्हर्टर आहे अशा जवळच्या दुकानातून थंड पिशवीत औषध नेणे शहाणपणाचे. पिशवीतील बर्फाची थैली पेनला चिकटू देऊ नये. मध्ये कापड ठेवावे. भारनियमन असलेल्या गावात दोन पेनपेक्षा जास्त घरी ठेवू नयेत.

इंजेक्शनचा वार ठरवून ठेवावा, कारण चुकलेल्या डोसांची किंमतही मोजावी लागते. टिर्झेपाटाइडचा डोस चुकला तर चार दिवसांच्या आत घेता येतो. वेगोवीचा, पुढच्या डोसला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर लगेच घ्यायचा असतो. दोन-तीन आठवडे सलग चुकले तर स्वतः जुन्याच डोसवर परत जाऊ नये. डॉक्टर कदाचित पुन्हा लहान डोसपासून सुरुवात करायला सांगतील, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांचा खर्च पुन्हा. गणपतीला गावी जाताना किंवा लग्नाच्या घाईत हेच होते.

ज्या बचतीत नुकसान आहे

वरच्या आकड्यांवरून एक गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आली असेल. २.५ मिलिग्रॅमच्या मौंजारो पेनमध्ये चार डोसांचे मिळून १० मिलिग्रॅम औषध असते आणि १५ मिलिग्रॅमच्या पेनमध्ये ६० मिलिग्रॅम. पहिल्यात एका मिलिग्रॅमला १,३०० रुपयांहून अधिक पडतात, दुसऱ्यात सुमारे ४३० रुपये. म्हणून मोठ्या डोसचा पेन घेऊन त्याचे बटण थोडेसेच दाबत, टिकटिक मोजत, अनेक लहान डोस काढण्याची युक्ती समाजमाध्यमांवर फिरते. कंपनीने पेन त्यासाठी बनवलेला नाही, उघडलेल्या पेनची मुदत पत्रकात दिलेल्या दिवसांनंतर संपते, आणि मोजण्यात चूक झाली तर पहिल्याच आठवड्यात मोठा डोस अंगावर येतो. तीव्र उलट्या, पाणी कमी होणे आणि सलाईनसाठी रुग्णालयात एक रात्र यांचे बिल वाचवलेल्या पैशांपेक्षा मोठे होते. एकदाच वापरायच्या कुपीतील औषध दोन भागांत वाटून वापरणेही असेच, त्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे. महाग वाटत असेल तर त्याच डोसचे स्वस्त औषध किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने लहान डोस हाच मार्ग.

नकली औषधांचा बाजार जगभर आहे. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता. जिममधील प्रशिक्षक, सलूनवाले, इन्स्टाग्रामवरचे विक्रेते किंवा 'परदेशातून आणलेली' पावडरची कुपी यांपासून दूर राहावे, कितीही स्वस्त असली तरी. मुंबईतील प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारातून बिलाशिवाय घेतलेले इंजेक्शनही यातच मोडते. बिलावर बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि दुकानाचा परवाना क्रमांक असावा, आणि बॅच क्रमांक पेनवरच्या क्रमांकाशी जुळावा. शंका आली तर पेन न वापरता बिलासह राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जावे.

एकेकाळी अमेरिकेतील भावाला किंवा दुबईतील मेहुण्याला पेन आणायला सांगण्याची पद्धत होती. आता भारतातच स्वस्त झाल्याने वारा उलटा वाहू लागला आहे, आणि सुट्टीत आलेले नातलग इथून औषध न्यायला पाहतात. त्यांनी आपल्या देशाचे औषध नेण्याचे नियम आधी तपासावेत, प्रवासात चिठ्ठी आणि बिल सोबत ठेवावे, आणि पेन सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत न्यावा, कारण विमानाच्या पोटात तो गोठू शकतो.

विमा, कर आणि इतर खर्च

भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींमध्ये वजन नियंत्रणाचा खर्च वगळलेला असतो. त्याच अटींमध्ये वजनासाठीच्या शस्त्रक्रियेचा अपवाद आहे: बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत गंभीर आजार असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. म्हणजे ज्याचा बीएमआय ४० च्या वर आहे त्याला इंजेक्शनचे वर्षाला लाखांतले बिल स्वतः भरावे लागते, पण शस्त्रक्रियेचा दावा करता येतो. हा पर्याय डॉक्टरांशी बोलून तरी पाहावा. अनेकांना तो माहीतच नसतो. नोकरीच्या ठिकाणी बाह्यरुग्ण उपचारांची तरतूद असेल आणि मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड दिले असेल, तर चिठ्ठीवर मधुमेहाचे निदान स्पष्ट असावे. मधुमेह नसताना तो लिहून घेणे मात्र फसवणूक ठरते आणि पुढे मोठा दावाही त्यात अडकू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, तिच्याकडून इथे मदतीची अपेक्षा ठेवू नये. जुन्या करप्रणालीत राहिलेल्या आणि आरोग्यविमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना औषधोपचाराच्या खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट घेता येते. त्यासाठी पैसे रोखीने न देता यूपीआय किंवा कार्डाने द्यावेत आणि बिले जपून ठेवावीत.

बरोबरीच्या औषधांत बरीच बचत दडलेली असते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाचे मेटफॉर्मिन, बी-१२ यांच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात ब्रँडपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात, आणि 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचे केंद्र शोधता येते. वजन उतरत गेले की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस कमी करता येतो, किंबहुना काहींचा करावाच लागतो. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते. तो बदल डॉक्टरांनीच करायचा, पण दर भेटीत "यातली कोणती गोळी आता कमी करता येईल?" असे विचारायला हरकत नाही.

प्रथिनांच्या पावडरीचा डबा बहुतेकांना लागत नाही. भूक कमी झाल्यावर आधी भात-पोळी कमी होते आणि त्याबरोबर प्रथिनेही कमी होतात, म्हणून ताटात आधी डाळ, उसळ, अंडी, दही, पनीर, सोया वड्या किंवा मासे खावेत. स्नायू टिकवण्यासाठी घरी उठाबशा आणि भिंतीला टेकून दंड पुरेसे आहेत. त्यासाठी जिमचे वर्षाचे सदस्यत्व आगाऊ घेऊ नये.

मध्ये थांबून पाहणे

उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची टिर्झेपाटाइडबाबत सूचना आहे की सहन होणाऱ्या सर्वांत मोठ्या डोसवर सहा महिने झाल्यानंतरही वजन ५ टक्क्यांनी कमी झाले नसेल, तर उपचार चालू ठेवायचे की नाही यावर पुन्हा निर्णय घ्यावा. हा चांगला मापदंड आहे आणि तो औषध सुरू करण्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे आणि त्याशेजारी त्या महिन्याचा खर्च लिहावा. इच्छित वजन गाठल्यावर औषध एकदम बंद करण्याऐवजी लहान डोसवर टिकून राहता येईल का, याचा विचार डॉक्टरांबरोबर करावा. वेगवेगळ्या डोसांच्या किमतींत मोठा फरक असल्याने हीच पुढच्या वर्षांची सर्वांत मोठी बचत ठरू शकते. डोस कमी केल्यानंतर वजन किती वाढले तर पुन्हा भेटायचे, तो किलोचा आकडा डॉक्टरांकडून त्याच भेटीत ठरवून घ्यावा, आणि डोस बदलल्यामुळे उरलेला पेन घरात दुसऱ्या कोणाला देऊ नये.